तुरुंगांचा नवा कायदा आला तर फर्लो-पॅरोल सोपा होईल का? कोलवाळला माणूस असलेल्या घरांसाठी जरा लांब उत्तर

प्रश्न असा आलाय की मावसभाऊ गोव्यातल्या कोलवाळच्या सेंट्रल जेलात जन्मठेप भोगतोय, नऊ वर्षं झाली, फर्लोचा, म्हणजे ठरलेली वर्षं भोगल्यावर मिळणाऱ्या घरच्या रजेचा, अर्ज दोनदा फेटाळला गेला. आता ऐकायला येतंय की केंद्राने तुरुंगांसाठी एक नमुना कायदा राज्यांना पाठवलाय आणि राज्यं आपापले कायदे करायला लागलीत, तर गोव्यात तसा कायदा झाला की रजा मिळणं सोपं होईल का, पायात जीपीएसचं कडं घालून सोडतात म्हणतात ते खरं का, आणि मुदतपूर्व सुटकेसाठीची चौदा वर्षांची अट कमी होईल का.

मी म्हापशात फौजदारी वकिली करतो, त्यातलं बरंच काम लीगल एडचं (सरकारी मोफत कायदेमदतीचं), म्हणजे रजेचे अर्ज, मुदतपूर्व सुटकेचे अर्ज आणि ते फेटाळले की पर्वरीला हायकोर्टात रिट. तेव्हा आडवळणं न घेता सांगतो, नुसता कायदा आला म्हणून तुमच्या भावाची रजा लागणार नाही. रजा अडते ती तीन ठिकाणी, पोलिस रिपोर्ट, जामीनदार आणि मुदत. कुठलंही विधेयक हातात आलं की या तिन्हीबद्दल त्यात काय लिहिलंय ते आधी बघायचं, बाकी सुधारणा-पुनर्वसन वगैरे शब्द पहिल्या पानावर असतातच.

आधी हा कायदा आला कुठून ते. तुरुंग हा राज्याचा विषय, घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीत चौथ्या नंबरवर आहे, त्यामुळे केंद्र नमुना करून देऊ शकतं, लादू शकत नाही. मे २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने मॉडेल प्रिझन्स अँड करेक्शनल सर्व्हिसेस ॲक्ट राज्यांना पाठवला. त्यात १८९४ चा प्रिझन्स ॲक्ट, १९०० चा प्रिझनर्स ॲक्ट आणि १९५० चा कैद्यांच्या बदलीचा कायदा असे तीन जुने कायदे एकत्र घेतलेत. महाराष्ट्राने डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात आपलं विधेयक आणलं. आता १८९४ चा कायदा म्हणजे काय चीज आहे ते एकदा वाचाच. त्यात कैद्याला द्यायच्या शिक्षांच्या यादीत फटके आहेत, जास्तीत जास्त तीस, आणि जेलात बंदी असलेली वस्तू आत पोचवणाऱ्याला दंड किती तर दोनशे रुपयांपर्यंत आणि कैद सहा महिन्यांपर्यंत. आज एका मोबाइलचा आतला भाव काय असेल त्याचा विचार केला की हा दंड म्हणजे चेष्टाच वाटते. म्हणून नमुना कायद्यात मोबाइलवर कडक कलम आलंय, आणि माझी त्याला काही हरकत नाही.

पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. त्या मूळ १८९४ च्या कायद्यात फर्लो आणि पॅरोलची सविस्तर तरतूदच नाही. शिक्षेतली सूट आहे, चांगल्या वागणुकीचे मार्क्स आहेत, पण रजा ही राज्यांनी नियम करून आणली. गोव्यात ती गोवा प्रिझन्स रूल्सवर चालते, आधी २००६ चे, मग २०२१ चे. नियम म्हणजे सरकारने गॅझेटमध्ये एक नोटिफिकेशन काढलं की बदलतात, विधानसभेत चर्चा नाही काही नाही. कायद्यात कलम म्हणून रजा आली तर तिला वजन येतं, हा नव्या कायद्याचा खरा फायदा होऊ शकतो. होऊ शकतो म्हणतोय कारण अशा मसुद्यांत बहुतेक ठिकाणी 'नियमांत ठरवल्याप्रमाणे' असं लिहून मोकळं होतात. मग गाडी परत गॅझेटपाशीच. म्हणून कायद्याबरोबर नियमांचा मसुदाही लोकांपुढे ठेवा, ही पहिली मागणी करायला हवी.

फर्लो आणि पॅरोल यात लोक नेहमी गोंधळ घालतात, वकीलसुद्धा. फर्लोला कारण लागत नाही, ठरलेली वर्षं भोगली, वागणूक चांगली असली की घरच्यांशी संबंध टिकावेत आणि सलग कैदेने माणूस कोलमडू नये म्हणून ती देतात, आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलला कारण लागतं, आई आजारी, बहिणीचं लग्न, घर पडलं, आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. हे कागदावरचं बारीक वाटेल पण जन्मठेपवाल्याला ते महागात पडतं. आपल्या गोव्याच्याच कैद्यांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, जानेवारी २०२३ मध्ये निकाल आला, की मुदतपूर्व सुटकेसाठी चौदा वर्षं मोजताना पॅरोलवर बाहेर काढलेला काळ वजा करायचा. कोर्टाचं म्हणणं असं की तो काळ धरला तर वजनदार माणसं पुन्हा पुन्हा पॅरोल मिळवतील आणि कैदेला अर्थच राहणार नाही. तेव्हा तुमच्या भावाने आजवर जितका पॅरोल घेतला असेल तितके दिवस त्याची चौदा वर्षं पुढे सरकली असं समजून हिशेब करा. आणि कारण नसताना पॅरोल मागत बसू नका, फर्लोच्या मागे लागा.

आता पोलिस रिपोर्ट. अर्ज जेल सुपरिटेंडेंटकडे जातो, तिथून कैद्याच्या गावच्या पोलिस स्टेशनाला पत्र, तिथला रिपोर्ट परत येतो आणि आयजी प्रिझन्सच्या (राज्याच्या तुरुंगप्रमुखाच्या) टेबलावर निर्णय होतो. एका रिपोर्टची झेरॉक्स माझ्या फाइलीत आहे, अर्धं पान टाइप केलेलं, खाली गोल शिक्का. वाड्यावरच्या, म्हणजे त्याच वस्तीतल्या, दोघांचे जबाब घेतलेले, दोघेही फिर्यादीच्या घरचेच. कैद्याची आई त्याच वाड्यावर राहते, तिला कुणी विचारलं नाही, पंचाला (पंचायत सदस्याला) विचारलं नाही. आणि शेवटी नेहमीचं वाक्य, सदर कैद्यास सोडल्यास परिसरातील शांतता भंग होण्याची व तो फरार होण्याची शक्यता नाकारता येत नाही. शक्यता कुणाचीच नाकारता येत नाही हो. हा माणूस आधी रजेवर जाऊन वेळेत परत आला होता, ते त्या अर्ध्या पानात नाही, आणि नामंजुरीच्या ऑर्डरमध्ये हेच वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं. अशा ऑर्डरी हायकोर्टात टिकत नाहीत बऱ्याचदा, कोर्ट म्हणतं कारणं द्या, परत विचार करा. पण तोवर ज्यासाठी रजा मागितली ती चवथ (गणेश चतुर्थी) होऊन गेलेली असते.

बाजू दुसरीही आहे, ती लपवायची नाही. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये आणि परत २०२१ मध्ये सांगितलंय की रजा सुधारणेसाठी आहे हे खरं, पण फर्लो हा काही मागितला की मिळालाच असा हक्क नाही, समाजाचं हितही बघायचं. आणि गोव्यात गावं लहान. ज्याच्या घरचा माणूस गेला तो त्याच वाड्यावर, देऊळ एक, तिंटो (बाजार) एक, दुकान एक. कैदीच बाजारात समोर येतो तेव्हाच गेलेल्याच्या घरच्यांना कळतं की हा रजेवर सुटून आलाय. हे बरोबर नाही. तेव्हा कायद्यात असं पाहिजे की पीडिताच्या घरच्यांना आधी लेखी कळवायचं, त्यांचं म्हणणं घ्यायचं, भीती असली तर रजा दुसऱ्या गावी, बहिणीकडे, मामाकडे काढायची अट घालायची. रजा नाकारणं आणि वाटेल तशी रजा देणं यांच्या मधे भरपूर जागा आहे, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याला ती जागा दाखवणारा छापील फॉर्म नियमांतच दिला तर निम्मी प्रकरणं तिथेच सुटतील असं माझं मत आहे. फॉर्ममध्ये विचारायचं, मागच्या रजांचं काय झालं, घरचे कोण, राहायची सोय काय, फिर्यादीचं घर किती लांब, धमकीची तक्रार नोंद आहे का, असली तर तारीख. 'शक्यता नाकारता येत नाही' लिहायला त्या फॉर्ममध्ये रकानाच ठेवायचा नाही.

जामीनदाराचं दुखणं तर खास आपलं आहे. बाँड (हमीपत्र) आणि शुअरिटी, म्हणजे जामीनदार, लागते, शुअरिटीला सॉल्व्हन्सी, म्हणजे आपली ऐपत, दाखवावी लागते, तो दाखला मामलेदाराकडून, त्यासाठी जमिनीचा एक-चौदाचा उतारा. आता एक-चौदावर नाव कुणाचं? आजोबाचं, त्याच्या तीन भावांचं, त्यातला एक मुंबईला गेलेला, वाटणी झालेली नाही. किंवा घर मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याचं), जमीन भाटकाराची (जमीनमालकाची), खरेदीचा दावा अजून पडून. म्हणजे पिढ्यानपिढ्या त्याच घरात राहून कागदावर माणूस बिनजमिनीचा. असल्या घरातल्या आईने जामीनदार आणायचा कुठून, मग गावात कुणाच्या तरी पाया पडायचं, आणि खुनाच्या केसमधल्या कैद्यासाठी सही करायला कोण येतो सांगा. परप्रांतीय कैद्याचं तर विचारूच नका, घर झारखंडात नाहीतर उत्तर कर्नाटकात, तिथल्या पोलिसांचा रिपोर्ट यायला महिने जातात आणि इथे जामीनदार म्हणून ओळखीचं कुणीच नाही. त्याचा अर्ज कुणी फेटाळतही नाही, तो नुसता पडून राहतो. नव्या कायद्यात जवळच्या नातेवाइकाचा वैयक्तिक बाँड पुरे, असं आलं पाहिजे. जेलात कैद्याची मजुरी जमा असते तीसुद्धा तारण म्हणून धरता येईल.

आणि मुदत. किती दिवसांत पोलिसांनी रिपोर्ट द्यायचा, नाही दिला तर काय, किती दिवसांत आयजीने निर्णय द्यायचा. मुदत लिहून नुसता उपयोग नाही, मुदत संपली की पुढे काय ते लिहायला हवं, म्हणजे रिपोर्ट वेळेत आला नाही तर हरकत नाही असं धरून पुढे जायचं. हे एक वाक्य सरकारं लिहायला तयार होत नाहीत. आमदाराला पत्र लिहायचं असेल तर याच वाक्यासाठी लिहा.

आता जीपीएसचं कडं, कारण सगळ्यांना त्यातच रस. नमुना कायद्यात आहे ते, खोटं नाही. कैदी इलेक्ट्रॉनिक ट्रॅकर घालायला राजी असेल तर त्या अटीवर त्याला रजा देता येईल, आणि अट मोडली तर रजा रद्द, वर पुढे रजाच नाही. प्रत्यक्षात आपल्या देशात हे अगदी सुरुवातीला आहे, जम्मू-काश्मीर पोलिसांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जामिनावर सुटलेल्या एका आरोपीच्या पायात कडं घातलं तेव्हा त्याची बातमी झाली होती. संसदेच्या गृहखात्याच्या स्थायी समितीनेही असल्या स्वस्त कड्यांचा विचार करा असं सुचवलं होतं. म्हणजे हे येणार आहे हे धरून चाला.

माझा विरोध कड्याला नाही, जेलात सडण्यापेक्षा पायात कडं घालून घरी चवथ केली तर कुठला कैदी नाही म्हणेल. पण 'राजी असेल तर' हे किती खरं, कारण नाही म्हणालास तर रजा नाही हे उघडच आहे. आणि दुसरं असं की नेत्रावळीत किंवा सत्तरीच्या आतल्या गावांत तुमचा आमचा फोन लागत नाही, तिथे कड्याचा सिग्नल गेला तर ते अट मोडणं धरणार का? बॅटरी उतरली, पावसात रात्रभर लाइट नाही, चार्ज कुठे करणार? कायद्यात शिक्षा काय तर पुढे रजाच बंद, म्हणजे वीजखात्याच्या चुकीची शिक्षा कैद्याला. तेव्हा आधी नोटीस, त्याचं म्हणणं ऐकायचं, मग कारवाई, हे कलमातच हवं. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात हेच धरलंय, शिक्षामाफी देताना घातलेली 'दोन वर्षं सभ्यपणे वागेन' ही अट मोघम म्हणून काढून टाकली, आणि माफी रद्द करायची तर आधी नोटीस द्या म्हणून सांगितलं. आणि जुलै २०२४ मध्ये कोर्टाने असंही म्हटलंय की जामीन देताना गुगल मॅपवर लोकेशन सतत पोलिसांना दिसत राहील अशी अट घालता येणार नाही, खाजगी आयुष्यात एवढं डोकावणं चालणार नाही. तो निकाल जामिनाचा, तिथे माणूस अजून दोषी ठरलेला नसतो, त्यामुळे शिक्षा झालेल्या कैद्याला तो तसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण ट्रॅकरची माहिती कोण बघणार, किती दिवस ठेवणार, रजा संपली की पुसणार की नाही, हे कायद्यात लिहायला त्या निकालाचा आधार घेता येतो.

देखरेखीच्या मुद्द्यावर मात्र मला जास्त बोलायचंय कारण तिथे मोठं भगदाड आहे आणि कुणाचं लक्ष नाही. लोक परदेशी सिरीयल बघून समजतात की पॅरोल म्हणजे शिक्षेचा उरलेला भाग बाहेर राहून काढायचा आणि पॅरोल ऑफिसर लक्ष ठेवणार. आपल्याकडचा पॅरोल म्हणजे चार दिवसांची रजा, परत आत यायचंच. पॅरोल ऑफिसर नावाचा माणूस आपल्या व्यवस्थेत नाही. देखरेख करतं पोलिस स्टेशन, म्हणजे रोज नाहीतर दिवसाआड हजेरी. हजेरीला दहा वाजता बोलवायचं, साहेब बाहेर गेलेत म्हणून बारापर्यंत बसवायचं, तोवर रोजंदारीचा दिवस बुडाला. बाकावर बसलेला सगळ्या गावाला दिसतो. मुदतपूर्व सुटलेल्या माणसाचंही हेच, वर्षानुवर्षं. त्याला काम मिळालं का, दारू सुटली का, बायको परत आली का, हे विचारायला कुणीच नाही, कारण हवालदाराचं ते काम नाही आणि त्याला वेळही नाही.

हे काम करायला कायद्यात माणूस आहे बरं का, १९५८ पासून आहे. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट. कोर्ट पहिल्या गुन्ह्याला जेलात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकतं, वर प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीची ऑर्डर करू शकतं, कमीत कमी एक वर्षाची. त्या ऑफिसरने भेटायचं, सल्ला द्यायचा, काम शोधायला मदत करायची, हे सगळं कलम १४ मध्ये लिहून ठेवलंय. एकवीस वर्षांखालच्या मुलाला तर शक्यतो जेलच नाही, द्यायची असली तर कोर्टाने कारणं लिहायची, आणि आधी प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट मागवायचा. आणि कलम १२ तर सोन्यासारखं आहे, या कायद्याखाली सोडलेल्याला शिक्षा झाली म्हणून लागणारी अपात्रता लागत नाही. किती पोरांच्या नोकऱ्या या एका कलमाने वाचतील, पण आरोपीचा वकीलच ते मागत नाही, दंड भरून मोकळं व्हायची घाई.

त्यातच १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा आली. पाच हजारांखालची पहिली चोरी आणि माल परत केला, दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा, बदनामी, अशा मोजक्या गुन्ह्यांना. ठीक, कोर्टाने सांगितलं जा आणि काम कर, बिनपगारी. कुठे करायचं, हजेरी कोण घेणार, नीट केलं की नाही हे कोर्टाला कोण कळवणार, पंचायत, हॉस्पिटल की पोलिस? केंद्राच्या कायद्यात ते दिलेलं नाही, राज्याने बसवायचं आहे. तेव्हा गोव्याने तुरुंगाचा कायदा करताना प्रोबेशनवाले, समाजसेवावाले, रजेवरचे आणि मुदतपूर्व सुटलेले अशा सगळ्यांसाठी एकच देखरेखीची शाखा उभी करावी, पोलिसांपासून वेगळी, तालुक्याला निदान एक माणूस. राज्य एवढं लहान, काणकोणहून पेडण्याला दिवसात जाऊन येता येतं, इथे नाही जमणार तर कुठे जमणार. पैसा लागेल हे कबूल, पण ट्रॅकरच्या कंत्राटालाही लागणारच आहे.

मुदतपूर्व सुटकेबद्दल तुमचा प्रश्न. राज्याच्या तुरुंग कायद्याने चौदा वर्षांची अट हलत नाही, ती बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ४७५ मध्ये आहे, म्हणजे जुन्या सीआरपीसीचं ४३३-अ. मृत्युदंडही होऊ शकला असता अशा गुन्ह्यात जन्मठेप असेल तर प्रत्यक्ष चौदा वर्षं जेलात गेल्याशिवाय सरकार सोडू शकत नाही, आणि तिथे माफीचे, म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल सूट मिळालेले, दिवस धरत नाहीत. घटनेच्या कलम १६१ खाली राज्यपालांचा माफीचा अधिकार वेगळा, त्याची वाट बघत कुणी बसू नये. चौदा झाली म्हणून दार उघडतं असंही नाही, सेंटेन्स रिव्ह्यू बोर्डापुढे (सुटकेचा विचार करणाऱ्या समितीपुढे) प्रकरण जातं. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एक चांगलं काम केलं, सांगितलं की राज्याचं धोरण असेल तर पात्र कैद्याने अर्ज केला नाही तरी सरकारनेच विचार करायचा, आणि नकार दिला तर कारणं लिहून त्याला कळवायची. आणखी एक, कैद्याला शिक्षा झाली त्या दिवशीचं धोरण लागू होतं, नंतरचं जास्त उदार असेल तर त्याचा फायदा मिळतो, हे २०१० पासून ठरलेलं आहे. म्हणून भावाच्या शिक्षेच्या तारखेला कुठले नियम चालू होते ते काढून ठेवा, नव्या कायद्याने ते मागे जाऊन कडक होत नाहीत.

ड्रग्जच्या केसवाल्यांना वेगळं सांगतो कारण आपल्याकडे ते बरेच. एनडीपीएसच्या (अमली पदार्थविरोधी कायद्याच्या) कलम ३२-अ मुळे शिक्षेत माफी मिळत नाही हे खरं, पण पॅरोलला ते कलम आड येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. तरी अर्जावर 'एनडीपीएस आहे' असा शेरा मारून परत पाठवलेला मी बघितलाय. नव्या कायद्यात अमुक गुन्हेवाल्यांना रजाच नाही अशी लांबलचक यादी येणार, बहुतेक राज्यांच्या नियमांत असते. ती शक्य तितकी लहान असावी, माणूस बघून ठरवावं, कलम बघून नाही.

कच्च्या कैद्यांना यातलं काही लागू नाही हेही सांगतो, कारण ज्याची केस अजून चालू आहे त्याच्या घरचे पॅरोल मागायला येतात. त्याला पॅरोल नसतो, जामीन असतो. आणि २०२२ च्या एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) आकड्यांत देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चेच होते. म्हणजे रजेचं कलम कितीही सुंदर लिहिलं तरी चारातल्या तिघांना त्याचा उपयोग शून्य. त्यांच्यासाठी बीएनएसएसचं कलम ४७९ बघा, पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, नाहीतर अर्धी मुदत आत गेली की बाँडवर सुटका, आणि त्यासाठी कोर्टाला लेखी कळवणं हे जेल सुपरिटेंडेंटचं काम आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्यांना ते नाही, आणि एकाहून जास्त केसेस चालू असल्या तरी अडतं. जामीन मिळून पैशाअभावी आत असलेल्यासाठी केंद्राची गरीब कैद्यांची योजना आहे, २०२३ मध्ये ठरलं तेव्हा कच्च्या कैद्याला ४०,००० पर्यंत, दंड भरता न आल्यामुळे अडकलेल्याला २५,००० पर्यंत. अर्ज करायला लीगल एडच्या ऑफिसात जा, फी लागत नाही.

खुल्या तुरुंगाचंही नमुना कायद्यात आहे. त्याला माझा पूर्ण पाठिंबा, राजस्थानात सांगानेरला कैदी कुटुंबासकट राहून बाहेर कामाला जातात, आपल्या शेजारी सांगली जिल्ह्यात स्वतंत्रपूरची वसाहत औंध संस्थानाच्या काळापासून आहे. गोव्यात जागा कुठे असं विचारतील, त्यावर भांडत बसण्यापेक्षा सुरुवात कोलवाळच्याच आवारात थोडक्या माणसांनी करता येईल. आणि जेलातली कामं जात बघून वाटायची पद्धत सुप्रीम कोर्टाने ३ ऑक्टोबर २०२४ ला घटनाबाह्य ठरवलीय, नव्या नियमांत ती कुठल्या तरी गोड शब्दांत परत येत नाही ना तेवढं बघायला हवं.

आता तुमच्या भावाचं, कायदा येईल तेव्हा येईल. दोन्ही नामंजुरीच्या ऑर्डरी लेखी मिळाल्यात का बघा, नसतील तर जेलकडे लेखी मागा, पोलिस रिपोर्टची कॉपीही मागा, नाही दिली तर आरटीआय टाका. त्याचा नॉमिनल रोल, म्हणजे किती भोगली, किती माफी, किती पॅरोल, मागच्या रजेवरून कधी परत आला, हा कागद जेलातून मिळतो, तो सगळ्यात महत्त्वाचा. रिपोर्टमध्ये वर सांगितलं तसं मोघम वाक्य असेल तर नवा अर्ज टाकायच्या आधी गावच्या पंचाचं आणि शेजाऱ्यांचं पत्र जोडा, आणि फिर्यादीच्या घरापासून लांब कुठे राहील तो पत्ता स्वतःहून द्या, हायकोर्टात गेलात तर हेच कागद कामाला येतात. वकील परवडत नसेल तर मेरशीला कोर्टात लीगल सर्व्हिसेसचं ऑफिस आहे, कैद्याला मिळकतीची अट न बघता वकील मिळतो, जेलातूनही अर्ज करता येतो. आणि चवथीला रजा हवी असेल तर अर्ज पावसाच्या आधी टाका, त्याच आठवड्यात जामीनदाराला घेऊन मामलेदाराकडे जा, कारण रजा मंजूर होऊन सॉल्व्हन्सीच्या दाखल्यासाठी माणूस आत बसून राहिलाय असं दरवर्षी होतं.